स्मृतिभ्रंशाचे वेळेवर निदान: प्रशिक्षण कोणाला आणि कशाचे

स्मरणशक्ती, भाषा, दिशेचे भान, हिशेब आणि निर्णय घेण्याची क्षमता यांपैकी एकाहून अधिक गोष्टी हळूहळू ढासळत जातात आणि माणूस रोजच्या कामांसाठी दुसऱ्यावर अवलंबून राहू लागतो, त्या अवस्थेला डिमेन्शिया किंवा स्मृतिभ्रंश म्हणतात. तो अनेक आजारांतून उद्भवतो. अल्झायमर हा त्यांतला सर्वांत मोठा. जर्मन डॉक्टर अलॉइस अल्झायमर यांनी १९०६ मध्ये त्याच्या पहिल्या रुग्णाची हकीकत वैद्यकीय सभेत मांडली. त्याखालोखाल मेंदूच्या रक्तवाहिन्या खराब झाल्याने होणारा स्मृतिभ्रंश येतो. बीपी आणि साखर वर्षानुवर्षे आटोक्याबाहेर राहिलेल्या माणसांना त्याचा धोका अधिक. पुष्कळ रुग्णांत दोन्ही एकत्र असतात.

यांतले बहुतेक प्रकार पूर्ण बरे होत नाहीत. मग लवकर निदानाचा आटापिटा कशासाठी, असे डॉक्टरही विचारतात, आणि कोणत्याही प्रशिक्षणाच्या पहिल्या तासालाच त्याचे उत्तर द्यावे लागते. पहिली गोष्ट, स्मृतिभ्रंशासारख्या दिसणाऱ्या काही अवस्था उपचाराने सुधारतात आणि त्या ओळखायला उशीर झाला तर सुधारण्याची संधी जाते. दुसरी, डोनेपेझिल, रिव्हास्टिग्मिन, मेमॅन्टिन ही औषधे आजार थांबवत नसली तरी काही रुग्णांची लक्षणे काही काळ सौम्य ठेवतात. तिसरी गोष्ट घरातली आहे. आई मुद्दाम छळत नाही, तिला आजार झाला आहे, हे कळले की घरातली भांडणे, संशय आणि मारहाणसुद्धा कमी होऊ शकते. आणि चौथी: जमीन, पैसा, उपचार यांविषयी स्वतःचा निर्णय सांगण्याइतकी समज रुग्णाला असते तोवरच तो त्याला विचारता येतो.

देशातल्या रुग्णांचा सर्वांत भक्कम अंदाज ‘लासी-डॅड’ या राष्ट्रीय अभ्यासातून आला. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार भारतात साठ वर्षांवरील ७.४ टक्के लोकांना स्मृतिभ्रंश आहे; म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे. पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये आणि शहरांपेक्षा खेड्यांत हे प्रमाण जास्त आहे. हा लेख मराठवाड्यातल्या ज्या दोन जिल्ह्यांविषयी आहे, त्यांतल्या नांदेडची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ३३.६ लाख आणि लातूरची २४.५ लाख होती, आणि महाराष्ट्रात तेव्हा दर शंभरांत जवळजवळ दहा जण साठीपुढचे होते. राष्ट्रीय प्रमाण या लोकसंख्येला लावले तर नांदेडमध्ये साधारण २४ हजार आणि लातूरमध्ये साधारण १८ हजार रुग्ण निघतात. हे ढोबळ गणित आहे, प्रत्यक्ष मोजणी नव्हे. पण कामाचा आवाका समजायला पुरेसे आहे. ‘वर्ल्ड अल्झायमर रिपोर्ट २०२१’ने जगातल्या सुमारे ७५ टक्के रुग्णांचे निदानच झालेले नसते असा अंदाज दिला होता, आणि कमी व मध्यम उत्पन्नाच्या काही देशांत तो ९० टक्क्यांपर्यंत नेला होता. त्या हिशेबाने या दोन जिल्ह्यांतली हजारो माणसे आजाराचे नाव न कळताच तो भोगत आहेत.

घरात न दिसणारा आजार

लक्षणे कशी दिसतात हे पाठ करून घेणे सोपे असते. ती नांदेड-लातूरच्या घरात का दिसत नाहीत, हे समजावणे अवघड आणि जास्त गरजेचे आहे.

शेतकरी कुटुंबात वयस्कर माणसाच्या हातातली कामे एकेक करून काढून घेतली जातात, आणि तीही आदराने. सून स्वयंपाक सांभाळते, मुलगा बँक आणि सोसायटीचे व्यवहार बघतो, नातू मोबाइलचे रिचार्ज करतो. ‘आता तुम्ही बसून खावा’ म्हणण्यात माया असते. पण त्यामुळे एखादे काम जमेनासे झाले म्हणून सुटले, की वय झाले म्हणून सोडवले, यातला फरक पुसला जातो. शहरी प्रश्नावलीत ‘स्वतःचे आर्थिक व्यवहार स्वतः करता का’ असा प्रश्न असतो. मुखेड किंवा अहमदपूर तालुक्यातल्या सत्तरीच्या निरक्षर बाईने बँकेचा व्यवहार आयुष्यात कधी एकटीने केलेलाच नसेल, तर ‘नाही’ या उत्तरातून काय कळणार?

म्हणून प्रश्न त्या माणसाकडे अजून शिल्लक असलेल्या कामांविषयी हवेत. डेअरीवर घातलेल्या दुधाचा हिशेब चुकतो का? देवासाठी वाती वळताना अर्ध्यावर सोडून उठतात का? पाठ असलेला हरिपाठ मध्येच अडतो का? आठवडी बाजाराच्या दिवशी सुट्टे पैसे परत घ्यायचे राहते का? शेतातून घरी येताना ओळखीच्या वाटेवर घोटाळतात का? भाजीत मीठ दोनदा पडते का? असे प्रश्न ठरवायला तज्ज्ञांपेक्षा गावातली आरोग्य कार्यकर्ती, म्हणजे आशाताई, जास्त उपयोगी पडते. प्रशिक्षकाने ते तयार करून नेण्यापेक्षा वर्गातच आशांकडून काढून घ्यावेत.

दुसरी अडचण आठवणींविषयीच्या गैरसमजाची. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या रात्री गणपतीचे विसर्जन होते, लोक उशिरा झोपले होते, सुमारे दहा हजार माणसे दगावली. औसा-निलंगा भागातल्या वृद्धांना ती पहाट बारकाव्यांसह आठवते: कोण कुठे झोपले होते, कोणते माळवद आधी कोसळले, मदत घेऊन कोण आले. बहात्तरचा दुष्काळ तसाच. अशा आठवणी सलग सांगणाऱ्या आजोबांना स्मृतिभ्रंश आहे हे घरच्यांना पटत नाही. ‘एवढं जुनं सगळं ध्यानात हाय की’ असे म्हणून विषय संपतो. प्रत्यक्षात अल्झायमरमध्ये अलीकडच्या गोष्टी आधी पुसल्या जातात. मेंदूच्या आत खोलवर असलेला हिप्पोकॅम्पस हा भाग नव्या आठवणी पक्क्या करतो आणि आजाराचा घाला सहसा तिथेच आधी पडतो. पूर्वी पक्क्या झालेल्या आठवणी पुष्कळ दिवस टिकतात. भूकंपाची हकीकत न अडखळता सांगणाऱ्या माणसाला सकाळी जावई येऊन गेल्याचे आठवत नसेल, तर ते आजाराचे ठळक लक्षण आहे. आरोग्य कर्मचाऱ्याला या प्रशिक्षणातून एकच गोष्ट न्यायची असेल तर ही न्यावी.

जुन्या घटनांचा उपयोग मात्र आहे, तो वय काढण्यासाठी. अनेक वृद्धांच्या आधार कार्डावर जन्मतारीख म्हणून १ जानेवारी असते आणि वर्ष अंदाजाने टाकलेले असते. ‘निजामाच्या वेळच्या पोलीस ॲक्शनला केवढे होता’, ‘बहात्तरच्या दुष्काळात लेकरं किती मोठी होती’ असे विचारले की खरे वय बरेच जवळ येते. चाचणीच्या गुणांचा अर्थ वयावर अवलंबून असल्याने हे करणे भाग आहे.

आशाताईचा फॉर्म

आयुष्मान भारत योजनेत आशा कार्यकर्ती तिशीपुढच्या प्रत्येक व्यक्तीचा ‘सीबॅक’ फॉर्म भरते. बीपी, मधुमेह आणि कर्करोगाच्या धोक्याची माहिती त्यात असते. सुधारित फॉर्ममध्ये साठीपुढच्यांसाठी वेगळे प्रश्न आले: उभे राहताना-चालताना तोल जातो का, रोजच्या कामात दुसऱ्याची मदत लागते का, आणि जवळच्या माणसांची नावे किंवा स्वतःच्या घराचा पत्ता विसरता का. या शेवटच्या प्रश्नामुळे स्मृतिभ्रंश पहिल्यांदाच गावपातळीवरच्या नोंदीत आला. ही मोठी गोष्ट आहे.

तो विचारला कसा जातो ते बघण्यासारखे आहे. ओसरीवर घरातली चार माणसे, शेजारी, लेकरे. आशा फॉर्मवरून वाचते, ‘आजी, घरच्यांची नावं विसरता का?’ आजी हसून म्हणते, ‘न्हाई बाई, लेकराची नावं कोण इसरंल?’ फॉर्मवर ‘नाही’ची खूण होते. यात आशाचा दोष नाही. स्वतःच्या विसरण्याची जाणीव कमी होणे हाच या आजाराचा भाग आहे, शिवाय चारचौघांत कबुली द्यायला कोणालाही लाज वाटते. आणि प्रश्नही उशिराचा आहे: माणूस मुलांची नावे किंवा घर विसरू लागतो तोवर आजार बहुधा मधल्या टप्प्यावर पोहोचलेला असतो.

त्यामुळे आशांना शिकवायचे ते फॉर्म भरून झाल्यावरचे दोन मिनिटांचे बोलणे. ते वृद्धाशी नव्हे तर त्याच्याजवळ रोज राहणाऱ्या माणसाशी, जमल्यास बाजूला घेऊन. ‘तेच तेच परत परत इचारतेत का? मागच्या दिवाळीला जे काम एकट्यानं करायचे, ते आता कोण करतं? वस्तू भलतीकडं ठेवून चोरीला गेली म्हणतेत का?’ तुलना नेहमी त्या माणसाच्या स्वतःच्या पूर्वीच्या वागण्याशी करायची, शेजारच्या आजोबांशी नाही. बदल सहा महिने-वर्षभरात वाढत गेला असेल तर उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याकडे नाव द्यायचे. ‘तुमच्या आईला डिमेन्शिया आहे’ हे आशाने म्हणायचे नाही. ‘एकदा तपासून घेऊ, कधी रक्तातल्या कमतरतेनंही असं होतं’ एवढेच. हे वाक्य खरेही आहे आणि कोणाला दुखावतही नाही.

घरी सांगायला कोणी नसणे ही या भागातली खास अडचण. दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेली कुटुंबे उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. पुण्या-हैदराबादला गेलेली मुले सणापुरती येतात. मधल्या महिन्यांत म्हातारी माणसे एकटी किंवा नातवंडांसोबत राहतात. अशा घरांची भेट दिवाळीच्या आसपास ठेवली, तर परगावाहून आलेल्या मुलाला बदल चटकन जाणवलेला असतो आणि तो सांगतोही.

मानसिक आरोग्याचे प्रश्न दारात जाऊन विचारणे इथल्या आशांना नवे नाही. शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर राज्याने मराठवाडा आणि विदर्भातल्या चौदा जिल्ह्यांत ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला. नांदेड आणि लातूर त्यांत आहेत. आशांनी घरोघर जाऊन नैराश्याची लक्षणे विचारायची आणि गरजूंना जिल्हा रुग्णालयाच्या मानसिक आरोग्य पथकाशी जोडायचे, अशी त्याची रचना. स्मृतिभ्रंशाचे प्रशिक्षण याच वाटेवर बसवणे शहाणपणाचे, कारण विचारण्याची पद्धत आणि पाठवण्याचे ठिकाण दोन्ही तेच आहेत.

अल्प प्रशिक्षणाने गावातल्या कार्यकर्त्या रुग्ण ओळखू शकतात का, याचे उत्तर भारतातच मिळाले आहे. केरळमधल्या त्रिशूर जिल्ह्यात ‘१०/६६’ या आंतरराष्ट्रीय संशोधन गटाने स्थानिक कार्यकर्त्यांना काही तासांचे प्रशिक्षण देऊन संभाव्य रुग्ण शोधायला सांगितले. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात, त्यांनी नोंदवलेल्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश जणांना खरोखर स्मृतिभ्रंश असल्याचे मानसोपचारतज्ज्ञांच्या तपासणीत दिसले. सामान्य लोकांसाठी हे यश उत्तम म्हणावे लागेल. उरलेल्या एक-तृतीयांशामुळे पुढच्या पायरीवर तपासणारा डॉक्टर तयार असणे किती आवश्यक आहे, हेही कळते.

शाळा न पाहिलेल्यांची चाचणी

जगभर सर्वाधिक वापरली गेलेली ‘एमएमएसई’ ही तीस गुणांची चाचणी १९७५ ची, अमेरिकेतली. तारीख सांगा, शंभरातून सात-सात वजा करा, वाक्य लिहा, आकृती पाहून काढा अशा गोष्टी तीत आहेत. शाळेत न गेलेली धडधाकट व्यक्तीही तीत नापास होऊ शकते आणि शिकलेला निवृत्त मास्तर आजार असूनही चांगले गुण मिळवू शकतो. या दोन जिल्ह्यांतल्या आजच्या वृद्ध पिढीत, विशेषतः स्त्रियांत, शाळेचे तोंड न पाहिलेल्यांची संख्या मोठी असल्याने ही चूक इथे नित्याची होईल.

हरियाणातल्या बल्लभगडच्या ग्रामीण अभ्यासासाठी १९९० च्या दशकात तिचे हिंदी रूप तयार झाले. वाचून कृती करण्याऐवजी ‘माझ्याकडे बघा आणि मी करतो तसे करा’ असे सांगून परीक्षकाने डोळे मिटायचे, असे बदल तीत झाले. ‘१०/६६’ गटाच्या पद्धतीत रुग्णाची चाचणी आणि नातेवाइकाची मुलाखत यांचे निष्कर्ष एकत्र करून शिक्षणाचा परिणाम कमी केला जातो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनेही भारतीय भाषांसाठी चाचण्यांचा संच केला. पहिल्या पाच भाषा हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम होत्या. मराठी त्यांत नव्हती, पण सीमाभागाला तेलुगू आणि कन्नड संचांचा उपयोग आहेच. देगलूर-बिलोलीकडे घरात तेलुगू, उदगीर-देवणी-निलंग्याकडे कन्नड बोलणारी कुटुंबे आहेत. किनवट-माहूरला गोंडी, कोलामी आणि बंजारा बोली. नांदेड शहरात दखनी उर्दू आणि पंजाबी. चाचणी घरातल्या भाषेत घ्यावी आणि कोणत्या भाषेत घेतली ते केसपेपरवर लिहावे. दुभाषाचे काम मुलाने केले असेल तर तेही लिहावे, कारण मुलगा नकळत उत्तर सुचवतो.

तारखेच्या प्रश्नात तर हमखास गफलत होते. इंग्रजी महिना व तारीख न सांगता येणारी आजी वार, तिथी आणि ‘श्रावण संपत आला’ हे बिनचूक सांगते. तिला पूर्ण गुण द्यायला हवेत. याउलट एकादशीचा उपास आयुष्यभर करणारीला एकादशी कधी होऊन गेली हे कळत नसेल, तर ते टिपायला हवे.

डॉक्टरांच्या खोलीत

प्राथमिक आरोग्य केंद्रात एका रुग्णाला दोन-तीन मिनिटे मिळतात. त्यात स्मृतिभ्रंशाचे निदान बसत नाही, हे मान्य करूनच प्रशिक्षणाची आखणी हवी. संशय घेणे मात्र त्या वेळेत बसते. बीपी-शुगरच्या गोळ्यांसाठी दरमहा येणारा वृद्ध रुग्ण भलत्याच दिवशी येऊ लागतो. गोळ्यांच्या पाकिटात उरायला नकोत तितक्या गोळ्या उरतात. प्रत्येक प्रश्नाला उत्तर देण्याआधी तो मान वळवून सोबतच्या माणसाकडे बघतो. मान वळवण्याची ही खूण स्मृती-चिकित्सकांच्या चांगल्या परिचयाची आहे आणि ती पाहायला एक पैसा लागत नाही. संशय आला की पुढची भेट ठरवायची, सोबत घरचे माणूस आणि चालू असलेली सगळी औषधे पिशवीत घालून आणायला सांगायचे, आणि चाचणीचे काम समुदाय आरोग्य अधिकारी किंवा परिचारिकेकडे द्यायचे.

दुसऱ्या भेटीत डॉक्टरने आधी दोन अवस्था वेगळ्या काढायच्या. एक, डिलिरियम: तासा-दिवसांत आलेला गोंधळ, कधी झोपाळू तर कधी चवताळलेला रुग्ण. लघवीचा संसर्ग, न्यूमोनिया, सोडियम कमी होणे, दारू अचानक बंद होणे अशी कारणे असतात. ही तातडीची अवस्था आहे. ‘म्हातारचळ’ म्हणून घरी पाठवलेला असा रुग्ण दगावू शकतो. दुसरी, नैराश्य. इथे माणूस स्वतःहून ‘काही आठवत नाही, काही सुचत नाही’ अशी तक्रार करतो, झोप आणि भूक गेलेली असते, प्रयत्न न करताच ‘माहीत नाही’ म्हणतो. पीक बुडाल्यानंतर किंवा जोडीदार गेल्यानंतर सुरू झालेल्या विसरण्यामागे बरेचदा हे असते. अर्थात वृद्धाला दोन्ही आजार एकाच वेळी असू शकतात.

मग सुधारता येणारी कारणे. थायरॉईडची कमतरता, बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, जी माळकरी आणि अन्य शाकाहारी कुटुंबांत तसेच बरीच वर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्या मधुमेहींत आवर्जून शोधावी, मोटारसायकलच्या मागच्या सीटवरून पडल्यानंतर काही आठवड्यांनी कवटीखाली साचलेले रक्त, चाल बिघडणे, लघवीवर ताबा न राहणे आणि विसरणे एकत्र आले तर मेंदूतले वाढलेले पाणी, जुने मद्यपान, एचआयव्ही आणि सिफिलिस. रक्ताचे पूर्ण परीक्षण, साखर, सोडियम, क्रिएटिनिन, टीएसएच, बी-१२ आणि शक्य तेव्हा सीटी स्कॅन, एवढ्यात बहुतेक उलगडते.

औषधांच्या पिशवीवर थोडे थांबायला हवे, कारण नुकसान सर्वांत सहज टळू शकते ते इथे. झोपेसाठी वर्षानुवर्षे चालू असलेली अल्प्राझोलाम, थरथरीसाठी कधीतरी सुरू होऊन तशीच राहिलेली ट्रायहेक्सिफेनिडिल, सर्दी-खाजेच्या जुन्या गुंगी आणणाऱ्या गोळ्या, अंगदुखीसाठी अमिट्रिप्टिलीन: या प्रत्येकाने वृद्धाची स्मृती मंदावते. दोन-तीन एकत्र आल्या तर निरोगी माणूसही स्मृतिभ्रंशाचा वाटतो. वृद्ध रुग्ण एकाच वेळी गावातला डॉक्टर, तालुक्याचा डॉक्टर आणि मेडिकल दुकानदार अशा तिघांकडून औषधे घेतो आणि तिघांना एकमेकांचा पत्ता नसतो. ही औषधे एकदम बंद करायची नसतात, विशेषतः झोपेच्या गोळ्या. हळूहळू कमी करायची असतात. कानातला मळ, न वापरलेले श्रवणयंत्र, पिकलेला मोतीबिंदू हेही याच वेळी बघावे. ऐकू न आलेला प्रश्न विसरलेल्या उत्तरासारखा दिसतो.

पुढच्या तपासणीची सोय दोन्ही जिल्ह्यांत आहे. नांदेडला विष्णुपुरीचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आणि एमआयएमएसआर वैद्यकीय महाविद्यालय. शिवाय जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची पथके. तरीही या भागातले रुग्ण थेट हैदराबाद किंवा सोलापूर गाठतात, हजारो रुपयांचा एमआरआय करून येतात आणि गावी परतल्यावर पाठपुरावा करणारा कोणी नसतो. जवळच्या महाविद्यालयात स्मृती-तपासणीचा वार ठरला आणि तो गावच्या डॉक्टरला ठाऊक असला, तर यातला बराच फेरा वाचेल.

गावचा डॉक्टर म्हणजे पुष्कळदा बीएएमएस किंवा बीएचएमएस पदवीधर खासगी व्यावसायिक. कुटुंबाचा तीन पिढ्यांचा विश्वास त्याच्यावर असतो आणि आजोबांचा बदललेला स्वभाव त्यालाच आधी दिसतो. फक्त सरकारी यंत्रणेला दिलेले प्रशिक्षण त्याला वगळते, आणि असे प्रशिक्षण अपुरेच म्हणावे लागेल. तालुका पातळीवरच्या डॉक्टर संघटनांच्या मासिक बैठका यासाठी तयार व्यासपीठ आहे.

निदान सांगणे

निदान कसे सांगावे याला प्रशिक्षणात सर्वांत कमी वेळ मिळतो आणि कुटुंबांच्या लक्षात राहते ते मात्र हेच. ‘आता काही उपाय नाही, घरी सांभाळा’ एवढे ऐकून बाहेर पडलेले कुटुंब पुन्हा त्या दवाखान्यात येत नाही. देवऋषी, जाहिरातीतली टॉनिके आणि दूरच्या शहरातले डॉक्टर यांत पैसा घालवते. आजाराचे नाव, तो कसा वाढेल, औषधाने काय होईल आणि काय होणार नाही, पुढची भेट कधी, हे साध्या मराठीत सांगितले पाहिजे. रुग्ण समोर असताना त्याला वगळून मुलाशी बोलणे टाळावे. सुरुवातीच्या टप्प्यातल्या माणसाला आपल्याला काहीतरी होते आहे हे जाणवत असते.

सातबाराचा विषय डॉक्टरचा नाही असे वाटेल, पण तो कुटुंबाच्या मनात पहिल्याच दिवशी असतो. समज शाबूत असताना वाटणी, मृत्युपत्र, पेन्शनचे खाते यांविषयी रुग्णाची इच्छा नोंदवता येते. पुढे अंगठा कोणी घेतला यावरून भाऊबंदकी पेटते. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार स्वतःच्या भावी उपचारांविषयी आगाऊ निर्देश देण्याचा आणि प्रतिनिधी नेमण्याचा अधिकार प्रौढ व्यक्तीला आहे. डॉक्टरने वकिली करायची नाही. ही वेळ आहे एवढे सुचवायचे. याच कारणाने निदान घाईने करणेही धोक्याचे आहे. ‘याला समजत नाही’ असा कागद चुकीच्या माणसाच्या हाती पडला तर शहाण्या माणसाचा हक्क हिरावला जाईल. लक्षणे नसलेल्या सरसकट सगळ्या वृद्धांची चाचणी करत सुटण्यापेक्षा बदल दिसलेल्यांची नीट तपासणी करावी, ती याचसाठी.

निदानानंतरच्या आधाराचा नमुना मराठी मुलखाला लागूनच आहे. गोव्यात डॉ. अमित डायस आणि ‘संगत’ संस्थेतल्या सहकाऱ्यांनी ८१ कुटुंबांवर केलेली चाचणी २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. स्थानिक, तज्ज्ञ नसलेल्या पण प्रशिक्षित घरभेट-सल्लागारांनी काळजीवाहू नातेवाइकांना आजार समजावला, वर्तनातल्या अडचणी हाताळायला शिकवले. गरजेप्रमाणे डॉक्टरांची मदत मिळाली. काळजीवाहूंचे मानसिक स्वास्थ्य सुधारले. नांदेड-लातूरच्या घरात काळजीवाहू म्हणजे बहुतेक वेळा सून किंवा पत्नी. तिची विचारपूस हाही उपचाराचा भाग आहे, हे आरोग्य सेविकांना सांगावे लागते.

प्रशिक्षण टिकते कशाने

केंद्र सरकारने आयुष्मान आरोग्य मंदिरांसाठी वृद्धसेवा आणि मानसिक-मज्जासंस्थेच्या विकारांच्या पुस्तिका आशापासून वैद्यकीय अधिकाऱ्यापर्यंत प्रत्येकासाठी केल्या आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘एमएचगॅप’ मार्गदर्शिकेतही स्मृतिभ्रंशाचे प्रकरण आहे. म्हणजे मजकुराचा तुटवडा नाही. एका दिवसाचे सभागृहातले भाषण, चहा, प्रमाणपत्र आणि त्यानंतर शांतता, हे मात्र सर्वत्र घडते आणि त्यातून निदान वाढत नाही. अर्ध्या दिवसाचा वर्ग, त्यात खऱ्या रुग्णाची त्याच्या आणि कुटुंबाच्या संमतीने भेट, एकमेकींवर मुलाखतीचा सराव, आणि मग गटप्रवर्तकांच्या मासिक बैठकीत दर महिन्याला एका संशयित रुग्णावर दहा मिनिटे चर्चा, ही रीत जास्त फळ देईल. यश मोजायचे ते हजेरीपटावर नाही. किती जणांना संदर्भचिठ्ठी दिली, त्यांतले किती पोहोचले, किती जणांचे निदान कायम झाले आणि पाठवणाऱ्या आशाला त्याचे उत्तर कळवले गेले का, हे चार आकडे तालुक्याने ठेवावेत.

वैद्यकीय महाविद्यालयांना एक सोपी संधी आहे. एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांना आता गावातली कुटुंबे दत्तक घेऊन वर्षानुवर्षे त्यांच्याकडे जावे लागते. त्याच घरातल्या आजी-आजोबांमधला बदल वर्षागणिक नोंदवणे हा स्मृतिभ्रंश शिकण्याचा पुस्तकापेक्षा चांगला मार्ग आहे.

क्रम मात्र चुकता कामा नये. आधी जिल्हा पातळीवर ठरलेला वार आणि तपासणारा माणूस, मग प्राथमिक केंद्राचे आणि खासगी डॉक्टर, आणि त्यानंतर आशा. उलट केले तर आशाने समजावून पाठवलेली आजी भाड्याचे पैसे घालवून ‘वय झालंय’ एवढेच ऐकून परतते, आणि त्या गावातून दुसरे कोणी जात नाही. ही व्यवस्था बसेपर्यंत दोन निःशुल्क क्रमांक प्रत्येक आशाच्या वहीत आणि प्रत्येक उपकेंद्राच्या भिंतीवर असावेत: मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस १४४१६ आणि ज्येष्ठ नागरिकांसाठी एल्डरलाइन १४५६७.